कुईकुई बेल्टची, दुखणं टेन्शनरचं

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या कामात शिरायचंय, सुरुवात कुठून करू, असं नवीन पोरं विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात इंजिन ओव्हरहॉल, कार्बोरेटर ट्यूनिंग, झालंच तर पेंट असलं काहीतरी भारी असतं. माझी सुरुवात एका कुईकुईपासून झाली आणि ती कुईकुई मी चुकीची ऐकली, म्हणून हे लिहितोय.

डिप्लोमा करून गॅरेजला लागलो तेव्हा पहिले काही महिने माझ्याकडे तीनच कामं होती. पाने पुसून जागच्या जागी लावणं, निघालेले बोल्ट डब्यात नीट ठेवणं आणि उस्तादांना टॉर्च धरणं. टॉर्च धरणं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही बरं का, समोरचा माणूस पुढे कुठे बघणार हे आधी कळावं लागतं, नाहीतर उजेड तुमच्या हातावर आणि शिव्या तुमच्या कानावर.

तर गाडी आली पोर्शची बॉक्सस्टर, ९८६ नंबरचं मॉडेल, १९९८ ची, अडीच लिटरवाली. ९८६ ही १९९६ ते २००४ पर्यंत निघाली, आता तिला क्लासिक म्हणायचं की नुसती जुनी यावरून आमच्याकडे चहाच्या वेळी अजून वाद होतात, पोर्शचीच जुनी एअर-कूल्ड ९११ बघितलेले लोक नाक मुरडतात. माझं मत विचाराल तर ज्या गाडीच्या रबराची आणि स्प्रिंगांची वयानेच वाट लागायला लागली ती आपल्यासाठी क्लासिक, बाकी चर्चा मालकांनी करावी.

तक्रार साधी होती. सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की जोरात किंचाळते, अर्ध्या मिनिटात गप्प. उस्ताद त्या दिवशी नव्हते, कस्टमरला घाई होती, मी म्हणालो बेल्टच आहे साहेब, बदलून टाकतो. बेल्ट काढला, तो खरंच जुना होता, नवीन चढवला, गाडी एकदम शांत. कस्टमर खुश, मी तर त्याहून खुश, आयुष्यातला पहिला स्वतंत्र जॉब. तीन आठवड्यांनी तीच गाडी, तीच किंचाळी. नवीन बेल्ट काढून बघितला तर त्याच्या खाचांवर काचेसारखी चकाकी आलेली, म्हणजे तो घसरून घसरून भाजला होता.

उस्ताद ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "अरे, बेल्ट ओरडला म्हणून बेल्ट बदललास. त्याला ओरडायला कोण लावतंय ते बघितलंस का?" आणि इंजिन चालू ठेवून मला टेन्शनरकडे, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाकडे, बघायला बसवलं.

इथे जरा रचना सांगतो म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. बॉक्सस्टरचं इंजिन मध्ये, सीटच्या मागे, सहा सिलिंडरचं, सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले. बेल्टची बाजू गाडीच्या पुढच्या दिशेला तोंड करून, त्यामुळे बेल्टचं काम बॉनेट उघडून होतच नाही, सीट पुढे सरकवायच्या, मागचं कार्पेट उचलायचं आणि बोल्टांनी बसवलेला पत्र्याचा पॅनल काढायचा, की समोर पुल्यांचा सगळा संसार. त्याच काळातल्या ९११ मध्ये, म्हणजे ९९६ नंबरच्या मॉडेलमध्ये, त्याच घराण्यातलं इंजिन उलटं फिरवून मागे टाकलंय, तिथे तुम्ही गाडीच्या मागे उभे राहून हेच काम करता. बॉक्सस्टरमध्ये केबिनमध्ये गुडघ्यावर बसून करता आणि दुसऱ्या दिवशी गुडघे आठवण करून देतात.

सहा खाचांचा एकच लांब बेल्ट, त्याच्यावर बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप, सगळे लटकलेले. म्हणून हा बेल्ट गेला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि टेम्परेचरचा काटा वर चढायला लागतो, तेव्हा "घरापर्यंत नेतो हळूहळू" असलं काही करायचं नाही, बाजूला घेऊन इंजिन बंद. एक समाधान म्हणजे या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग, म्हणजे ते कधी उघडायचे-मिटायचे ते, आतल्या चेनवर आहे, त्यामुळे बाहेरचा बेल्ट तुटला म्हणून व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होत नाही. पोर्शच्याच जुन्या ९४४ मध्ये टायमिंगच बेल्टवर आहे, तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. नवीन पोरं या दोन बेल्टांत गल्लत करतात आणि कस्टमरला उगाच घाबरवतात किंवा त्याहून वाईट म्हणजे जिथे घाबरवायला हवं तिथे नाही घाबरवत.

आता टेन्शनर. एक हात, त्याच्या टोकाला रोलर, बुडाशी डब्यात गुंडाळलेली स्प्रिंग. इंजिन काही गुळगुळीत फिरत नाही, प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, धक्का, दोन धक्क्यांच्या मध्ये जरा मंद, आणि हे सगळे हिसके बेल्टमधून येतात. टेन्शनरच्या आत स्प्रिंगसोबत घर्षणाचा एक भागही असतो, तो हे हिसके खातो, म्हणून चांगला टेन्शनर चालू इंजिनात जवळजवळ स्थिर दिसतो, फार तर बारीक थरथर. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन स्प्रिंग मऊ पडते, घर्षणाचा भाग झिजतो आणि हात ज्या बुशवर, म्हणजे बुडाच्या नळीवर, फिरतो ती बुश ढिली होते. स्टार्टनंतरच का ओरडतो तर तेव्हा आल्टरनेटर बॅटरीची भरपाई करत असतो, लोड जास्त, बेल्टला पकड कमी, घसरतो. लोड उतरला की गप्प. म्हणूनच कस्टमर "आता नाही येत आवाज" म्हणतो आणि आपणही सोडून देतो.

त्या दिवशी मी जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. आयडलिंगवर तो हात नाचत होता, चांगला बोटभर पुढे-मागे, आणि बुशच्या कडेने विटकरी रंगाची बारीक पूड जमली होती, बोटाने पुसली तर रांगोळीसारखी हाताला लागली. धातू धातूवर घासून झालेला गंज तो. तीन आठवड्यांपूर्वीही ही पूड तिथेच असणार, मी बघितलीच नाही, कारण मी बेल्टच बघायला गेलो होतो.

म्हणून नवीन माणसाला मी सांगतो की पाना हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि ऐकायचं. आवाजाचे दोन प्रकार वेगळे करायला शिका. चिमणीसारखी चिवचिव, इंजिनाच्या वेगाबरोबर तालात येणारी, ती बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसल्याची. लांब किंचाळी, लोड टाकल्यावर वाढणारी, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा एसी लावला की येणारी, ती घसरण्याची. खात्री करायला बेल्टच्या खाचांच्या बाजूला पाण्याचे चार थेंब उडवायचे, चिवचिव असेल तर क्षणभर थांबते, ढिलेपणाची किंचाळी असेल तर उलट वाढते. पाणीच हं. तो बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे मिळतो त्याच्या नादी लागू नका, आवाज दोन दिवस जातो, धूळ चिकटते आणि खरं कारण तसंच राहतं. आणि हे सगळं करताना बाही वर, गळ्यात काही लोंबकळता नको, चालू बेल्ट माफ करत नाही.

बेल्टला भेगा नाहीत म्हणून चांगला, हा जुना हिशोबही सोडा. आधीचे निओप्रीन रबराचे बेल्ट तडकायचे, हल्लीचे ईपीडीएम नावाच्या रबराचे सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात, खाच रुंद आणि खोल होत जाते. दिसायला ठणठणीत असलेला बेल्ट पुलीच्या खाचेत तळाला टेकून घसरत असतो.

प्रत्यक्ष काम तसं लांबलचक नाही. बॅटरी सोडवायच्या आधी जुन्या रेडिओचा कोड मालकाकडून घेऊन ठेवायचा, हे एकदा विसरलात की परत विसरणार नाही. मग बेल्टचा रस्ता कागदावर काढायचा, फोटो काढा पण चित्र पण काढा, हाताने काढलेलं डोक्यात राहतं. टेन्शनरवर २४ एमएमचा पाना लावून घड्याळाच्या दिशेने हळू दाबायचं, हात मागे सरकतो, बेल्ट एका रोलरवरून उतरवायचा, आणि पाना झटकन सोडायचा नाही, हळूच परत आणायचा. मी एकदा सोडला होता, नखाखाली काळं-निळं महिनाभर होतं.

बेल्ट उतरला की खरी मजा, कारण आता प्रत्येक पुली एकटी सापडते. प्रत्येक हाताने फिरवायची. चांगला रोलर ग्रीसच्या हलक्या ओढीने फिरतो आणि थांबतो. टिचकी मारली की खडखडत फिरतच राहिला तर ग्रीस संपलंय, लोक याला "वा काय फ्री फिरतोय" म्हणतात. वाळू असल्यासारखं बोटाला लागलं तरी गेला. वॉटर पंपची पुली धरून वर-खाली हलवायची, प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर आत्ताच बोलायचं मालकाशी, पुन्हा हेच सगळं उघडून दोनदा मजुरी घेणं बरं दिसत नाही. काही जण बेल्ट काढून इंजिन क्षणभर चालू करतात, आवाज बेल्टच्या बाजूचाच आहे ना बघायला. चालतं, पण पाच-दहा सेकंद, जास्त नाही, वॉटर पंप बंद आहे हे विसरू नका.

टेन्शनर काढताना आणि लावताना एक गोष्ट, बोल्ट ॲल्युमिनियमच्या इंजिनात जातो. आधी बोटांनी, पूर्ण आटे बसेपर्यंत, मग टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना, मॅन्युअलमधला आकडा, अंदाज नाही. मनगटाचा अंदाज येतो म्हणणाऱ्या लोकांनी उडवलेले आटे मी भरपूर दुरुस्त केलेत. काही गाड्यांवर टेन्शनरच्या रोलरचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावूनही सुटत नसेल तर थांबा, मॅन्युअल उघडा, लांब पाइप लावू नका.

पार्ट मागवताना चॅसिस नंबर द्यायचा, नुसतं वर्ष सांगून भागत नाही. आणि आलेला पार्ट बसवायच्या आधी जुन्याशेजारी टेबलावर ठेवायचा. आमच्याकडे एकदा स्वस्तातला आला होता, खोकं झकास, पण मागची बसायची खुंटी जराशी सरकलेली, दाबून बसवला असता तर रोलर तिरका. परत पाठवला. दोन दिवस गाडी अडकली, मालक कुरकुरला, चालतं.

आता माझी दुसरी चूक, कारण पहिल्या चुकीतून शहाणा झालो असं वाटायला लागलं की दुसरी येतेच. नवीन टेन्शनर बसवला, नवीन बेल्ट चढवला, गाडी चालू केली, शांत. दुसऱ्या दिवशी बेल्टच्या कडेची सुतळी निघालेली, काळा भुसा सगळीकडे. मी बेल्ट कॉम्प्रेसरच्या पुलीवर एक खाच बाहेर चढवला होता. सहा खाचा, पाच आत, एक हवेत. अंधारात, उलट्या हाताने, वरून बघून सगळं बरोबरच दिसतं. तेव्हापासून प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवतो, डोळ्यावर भरवसा नाही, मग क्रँकला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेला हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो, पुन्हा बोट, आणि मगच चावी. तो दुसरा बेल्ट माझ्या खिशातून गेला आणि ते बरोबरच होतं.

करिअरचं विचाराल तर या लाइनीत पहिली दोन वर्षं वही ठेवा. गाडी, तक्रार, मी काय समजलो, खरं काय निघालं, एवढे चार रकाने. माझ्या वहीत तिसरा आणि चौथा रकाना पहिल्या वर्षी क्वचित जुळतो. आणि तपासणीचे पैसे मागायला लाजू नका, सुरुवातीला सगळे फक्त बोल्ट फिरवल्याचे पैसे घेतात आणि बघण्याचं फुकट करतात, मग बघायचंच टाळतात. जुन्या गाडीचा मालक बहुतेक वेळा समजूतदार असतो, त्याला ती पूड बोटावर घेऊन दाखवली की फार बोलावं लागत नाही.

तो काढलेला टेन्शनर मी टाकला नाही, माझ्या टूलबॉक्सच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन पोरगं आलं की त्याच्या हातात देतो, म्हणतो बघ रे, चांगला का वाईट. सगळे रोलर फिरवतात. रोलर चांगलाच आहे त्याचा, मख्खन फिरतो. मग म्हणतात, ठीक आहे की सर. हात धरून आडवा हलवून बघणारं आतापर्यंत एकच पोरगं निघालं.