चित्रपट पाहिल्यानंतर कादंबरी कशी वाचावी

कादंबरीवरचा चित्रपट गाजला की काही वर्षांनी आपण जिला कादंबरीची आठवण म्हणतो, ती बहुधा चित्रपटाची असते. ती पुसता येत नाही आणि पुसण्याचा खटाटोपही करू नये. मात्र तिच्यात पुस्तकाचे किती आणि पडद्याचे किती, हे निवडून काढता येते.

त्यासाठी पुस्तक उघडण्याआधी वही घ्यावी. अरुण साधूंची 'सिंहासन' जशी आठवते तशी दहा-बारा ओळींत लिहून काढावी: माणसे कोण, प्रसंग कोणते, शेवट काय. बहुतेकांच्या मनात पत्रकार दिगू टिपणीस निळू फुल्यांचा चेहरा घेऊन येतो, मुख्यमंत्री अरुण सरनाईकांच्या रुबाबात येतात आणि 'उषःकाल होता होता' कानांत घुमू लागते. मग वाचायला बसावे आणि वहीतली प्रत्येक ओळ पुस्तकात जिथे सापडेल तिथला पृष्ठक्रमांक तिच्यापुढे टाकावा. ते गीत सुरेश भटांचे, त्यामुळे त्याच्यापुढची जागा कोरीच राहील. आणखीही काही ओळी कोऱ्या राहिल्या, तर ते सारे चित्रपटाने रचले असे लगेच ठरवू नये, कारण जब्बार पटेलांच्या १९७९ च्या 'सिंहासन' या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांनी साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून लिहिली आहे. दोन पुस्तके एका नावात मिसळली आणि दुसरे नाव मागे पडले, याची मला मनापासून खंत वाटते. कोऱ्या ओळी घेऊन 'मुंबई दिनांक' अवश्य वाचावी.

निवेदन प्रथमपुरुषी असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मध्ये जोशी स्वतःच बोलतो. आपण त्याच्या डोळ्यांनी वर्ग, मित्र आणि त्याला आवडणारी शिरोडकर पाहतो, तो स्वतः मात्र बाहेरून दिसत नाही. पडद्यावर त्याचा चेहरा दाखवावाच लागतो. वाचताना तो चेहरा मध्ये आला की थांबावे आणि तोच परिच्छेद मोठ्याने वाचावा. जोशीची बोलण्याची लय कानांवर पडू लागली की चेहरा हळूहळू मागे सरतो.

वाचनकट्ट्यावर चर्चा ठेवायची असल्यास चित्रपट न पाहिलेल्या वाचकाला आधी बोलू द्यावे. त्याला दिगू कसा दिसला हे त्याने सांगेपर्यंत इतरांनी निळू फुल्यांचे नाव काढू नये.