रमजानात परदेशात असाल तर दिवस-रात्र कशी जुळवायची

कैरो, इस्तंबूल, दुबई, जकार्ता, कुठेही रमजानात जायचा योग आला की बरेच जण आधीच धास्तावतात, दिवसभर खायला मिळणार नाही, सगळं बंद असणार, मग आत्ताच कशाला. माझं म्हणणं एकदम उलटं आहे, जमत असेल तर मुद्दाम याच महिन्यात जा, फक्त रोजच्या सवयीचं टाइमटेबल सोबत नेऊ नका. या महिन्यात सगळं फिरतं ते मगरिबभोवती, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाभोवती. आपला दिवस त्याच्या मागेपुढे बसवला की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

आधी तारखेचं बघा, कारण तिथेच घोळ होतो. हिजरी म्हणजे इस्लामी कालगणनेतला महिना चंद्रावर चालतो, २९ नाहीतर ३० दिवसांचा, त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबर संपता संपता परत, असा दोनदा लागणार आहे. पहिला रोजा नेमका कधी हे देशागणिक बदलतं. तुर्कस्तानात गणितावरून तारीख आधीच ठरलेली असते, सौदीत आणि मोरोक्कोत चंद्र दिसल्यावरच जाहीर होतं, इंडोनेशियात मुहम्मदिया ही मोठी संघटना गणितावर जाते आणि सरकार आदल्या संध्याकाळी बैठक घेऊन ठरवतं, त्यामुळे कधीकधी एकाच गल्लीत शेजारी-शेजारी एक दिवसाच्या फरकाने रोजे सुरू होतात. म्हणून तिकीट, मीटिंग काहीही असो, मागेपुढे एक दिवस मोकळा ठेवाच. आणि इस्लामी दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो हे लक्षात असू द्या, म्हणूनच पहिली तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची खास नमाज, पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्री होते.

मोरोक्कोला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. २०१८ पासून तिथलं घड्याळ वर्षभर एक तास पुढे असतं आणि फक्त रमजानसाठी मागे घेतात, त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी फ्लाइट असेल तर वेळ दोनदा तपासा.

दिवसाचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. इस्तंबूलमध्ये बरीचशी हॉटेलं दुपारी उघडी असतात, दुबईत २०२१ पासून हॉटेलांना दिवसा पडदे लावायची सक्ती राहिलेली नाही, मोरोक्कोत मात्र मुस्लिम माणसाने कारण नसताना उघडपणे रोजा मोडला तर कायद्याने शिक्षा होऊ शकते. पाहुण्याला कायदा काय म्हणतो ते जरा बाजूला ठेवू, समोरच्याने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही आणि आपण त्याच्या तोंडासमोर बाटली उघडायची हे बरं दिसत नाही, आडोशाला जाऊन प्या, कोणी काही म्हणत नाही. आणि एक अगदी कळकळीने सांगतो, "आज रोजा नाही का तुझा?" असं कोणालाही विचारू नका. आजारी माणूस, प्रवासात असलेला, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, पाळी सुरू असलेली बाई, या सगळ्यांना सूट आहे आणि त्यातलं काहीच चारचौघांत सांगायची गोष्ट नसते.

काम असेल तर सकाळीच उरका. अमिरातीत खासगी नोकरीत रोजचे २ तास कमी होतात आणि तेही सगळ्यांना, रोजा असो नसो. सौदीत मुस्लिम कर्मचाऱ्यांना दिवसाला जास्तीत जास्त ६ तास. दुपारी तीननंतर मोठा विषय काढू नका, माणसं थकलेली असतात, झोप अर्धवट असते, लक्ष लागत नाही.

आता खरी मजा. मगरिबच्या आधीचा तास टॅक्सीत घालवू नका, कैरोत तर मुळीच नाही, सगळं शहर एकाच वेळी घरी निघालेलं असतं आणि मग अजान झाली की पाच मिनिटांत रस्ते इतके मोकळे की बघतच राहावं. त्या तासाला पायी फिरा. इस्तंबूलमध्ये पिदेच्या भट्टीसमोर रांग लागलेली असते, वरून तीळ आणि कलौंजी पेरलेली, बोटांनी चौकडी उमटवलेली गोल रोटी कागदात गुंडाळून देतात, ती इतकी गरम असते की लोक या हातातून त्या हातात करत घरी नेतात. इंडोनेशियात या वेळ काढण्याला शब्दच आहे, न्गाबुबुरित, संध्याकाळी उगाच भटकायचं आणि ताकजिल म्हणजे रोजा सोडायचं गोडधोड विकत घ्यायचं, नारळाच्या दुधातला केळ्यांचा कोलाक घ्या, पण खायचा मात्र अजान झाल्यावर.

मला सगळ्यात भावते ती बोस्नियातल्या सारायेव्होची संध्याकाळ. पिवळा किल्ला म्हणतात त्या बुरुजावर लोक तासभर आधीच चटया टाकून बसतात, मधे सोमुन रोटी उघडून ठेवलेली, वास सुटलेला, लहान पोरांनाही कळतं की अजून नाही. मग तोफ उडते, खाली मिनारांवर दिवे लागतात आणि क्षणभर कोणी बोलत नाही, फक्त खजूर तोंडात जातो. तिथे गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका, आपलं थोडं घेऊन जा आणि शेजाऱ्यापुढे करा.

कोणी इफ्तारला बोलावलं तर आढेवेढे घेऊ नका. कैरोत रस्त्यावर मवाइद-अल-रहमान नावाची टेबलं मांडतात, कोणीही बसावं, पैसे नाहीत, चौकशी नाही. तुमचा रोजा नसला तरी अजानपर्यंत ताटाला हात लावायचा नाही एवढं पाळा. सुरुवात खजूर आणि पाण्याने करा आणि लगेच तुटून पडू नका, मोरोक्कोत पहिली वाटी हरीरा नावाच्या सूपची आणि सोबत मधात बुडवलेली शबाकिया मिठाई, त्यातच पोट निम्मं भरतं आणि खरं जेवण पुढे असतं. वेळेबाबतीत माणसं किती काटेकोर असतात बघा, २०११ मध्ये दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की बुर्ज खलिफात ८० मजल्यांच्या वर राहणाऱ्यांनी रोजा २ मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० च्या वरच्यांनी ३ मिनिटं, कारण तिथून सूर्य उशिरापर्यंत दिसतो.

उत्तरेकडे तर आणखी पेच. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, म्हणून तेव्हा रमजान आला की काही जण मक्केची वेळ धरतात, काही जण सूर्य मावळतो अशा जवळच्या शहराची.

रात्री झोपायची घाई करू नका. इशा म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर तरावीह, कुठे ८ रकात (नमाजाची आवर्तनं) कुठे २०, त्यानंतर बाजार खुलतो, मलेशियात मशिदीतच मोरे नावाचा हलका फराळ होतो. इस्तंबूलमध्ये मोठ्या मशिदींच्या मिनारांमधे दोर ताणून दिव्यांनी अक्षरं लिहितात, ते बघायला हीच वेळ. पहाटे सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या खाण्याला, उठवायला तुर्कस्तानात ढोलवाला येतो, कैरोत मेसहराती, मोरोक्कोत लांब तुतारी घेतलेला नफ्फार. झोपमोड झाली म्हणून वैतागू नका, खिडकीत येऊन बघा, आणि ढोलवाला नंतर दारी आला तर बक्षिसी जरूर द्या.

शेवटचे दहा दिवस मक्का-मदिनेत पाय ठेवायला जागा नसते, लैलतुल-कद्र ही सगळ्यात पवित्र मानलेली रात्र याच दहांतली आणि बरेच जण एतेकाफला, म्हणजे एकांतात प्रार्थनेसाठी, मशिदीतच मुक्काम करतात, म्हणून उमऱ्याला म्हणजे मक्केच्या यात्रेला जाणाऱ्या ओळखीच्यांना खोली फार आधी घ्यायला सांगा. जकार्तातून याच सुमारास मुदिक सुरू होतं, सगळे गावाला निघतात, रेल्वे बस काही मिळत नाही.

२९ व्या रोज्याच्या संध्याकाळी इफ्तार झाला तरी कोणी टीव्हीसमोरून उठत नाही, चंद्र दिसला का एवढंच. दिसला तर बाजार रात्रभर चालू, कपडे, मिठाई, न्हाव्याकडे नंबर, तुम्हाला काही घ्यायचं असेल तर तेव्हाच घ्या, ईदच्या सकाळी दुकान उघडं सापडणं कठीण.