लेट्युस रॅप घरी करताय? या चुका टाळा

लेट्युस रॅप म्हणजे लेट्युसच्या कच्च्या पानात परतलेल्या खिम्याचं सारण गुंडाळून खायचा पदार्थ. घरी केलेले रॅप बिघडतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. सॉस कुठला आणला, मिरची किती घातली हे नंतरचं. पान ओलं राहिलं, खिम्याला पाणी सुटलं किंवा गरम सारणाची वाफ पानाला लागली, की ओघळ थेट कोपरापर्यंत येतात.

कोल्हापुरात आइसबर्ग लेट्युस आता मोठ्या दुकानांत आणि कधीकधी मंडईतही मिळतं. पानं सुरीनं कापू नका, सारण भरायच्या पानांच्या वाट्या फाटतात. गड्ड्याचं देठ ओट्यावर एकदा जोरात आपटा, पिळून अख्खं बाहेर काढा आणि त्या खळग्यात नळाची धार सोडा. पाणी थरांत शिरतं आणि पानं एकेक करून अख्खी सुटतात. ती कच्ची खायची आहेत, त्यामुळे प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली धुवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर देठाशी हमखास चिखल असतो. मग १० मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, म्हणजे पान कुरकुरीत होतं.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात. पानं नुसती निथळून भागत नाही. सुती पंचावर पसरून, वरून दुसऱ्या फडक्यानं टिपून ती पूर्ण कोरडी करा आणि फडक्यातच गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. शेजारी सफरचंद किंवा केळी नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानांवर तांबूस डाग पडतात.

आता खिमा. चिकनच्या दुकानात मांडीच्या मांसाचा खिमा मागा, नुसत्या ब्रेस्टचा लवकर कोरडा पडतो. खिमा धुऊन तसाच ओला कढईत टाकला, की तो भाजला न जाता उकडतो. अर्धा किलो एकदम घातला तरी तेच होतं, कारण कढई थंड पडते. दोन घाण्यांत करा, आच मोठी ठेवा, झाकण अजिबात नको. तेल दोन छोटे चमचे पुरतं. सुरुवातीला कढईतून बुडबुड असा आवाज येतो. पाणी आटलं की तो बदलतो आणि चरचर सुरू होते, कडेचे कण तपकिरी दिसायला लागतात. आलं-लसूण त्यानंतरच घाला.

मीठ मात्र आधी घालू नका, सोया सॉस स्वतःच खारट असतो. पाव किलो खिम्याला एक मोठा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा आपला कोल्हापुरी गूळ. मग चव घेऊन बघा. तरीही कढईच्या तळाशी रस दिसत असेल, तर अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून घाला आणि खिम्याला सॉस चिकटेपर्यंत परता.

तिळाच्या तेलात हमखास गफलत होते. या पदार्थाला भाजलेल्या तिळाचं गडद तेल लागतं, कच्च्या तिळाच्या फिक्या तेलाला तो वास नसतो. नाही मिळालं तर पांढरे तीळ खमंग भाजून भरडा आणि गॅस बंद केल्यावर वरून घाला.

कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडण्याचा मोह आवरा. तो मसाला माझाही जीव की प्राण आहे, पण त्यातलं खोबरं आणि गरम मसाले आलं-सोयाची चव पार झाकून टाकतात. तिखट हवंच असेल तर हिरवी मिरची बारीक चिरून व्हिनेगरमध्ये बुडवून वाटीत वेगळी द्या. जिभेला झणझणीत लागते आणि सारणही हलकं राहतं.

कुरकुरीतपणासाठी चिनी पद्धतीत वॉटर चेस्टनट घालतात, तो आपल्या शिंगाड्याहून वेगळा कंद. त्याच्या जागी शिंगाडे चालतात. ताजे शिंगाडे थंडीत मिळतात, एरवी नवलकोलाचे छोटे तुकडे शेवटी मिनिटभर परतून घाला. वरून कांद्याची पात आणि शेंगदाण्याचं जाडसर कूट.

शाकाहारी रॅपसाठी टोफू वापरणार असाल तर तो २० मिनिटं वजनाखाली दाबून ठेवा. भिजवलेलं सोया ग्रॅन्युल्स घट्ट पिळून घ्या.

सारण कोमट झाल्यावरच पानं फ्रिजमधून काढा. रॅप आधी भरून ताटात मांडू नका, ज्याचं त्यानं भरून लगेच खावं. एका पानात दोन चमचे सारण बास, जास्त भरलं की पान मुडपताना फाटतं. डब्यात न्यायचं असेल तर सारण एका पुडात आणि कोरडी पानं दुसऱ्यात.