बॅटरी मरायला टेकलीये आणि तुम्ही सेन्सर बदलताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी गाडी सुरू केली तर डॅशबोर्डवर आधी पॉवर स्टिअरिंगचा दिवा, मागोमाग एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा), आणि घड्याळ आपलं आपणच रिसेट झालेलं. गाडी मात्र चालू झाली होती, त्यामुळे बॅटरीवर संशय यायचं काही कारणच नव्हतं. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, बिघाडाचे सात-आठ कोड निघाले, म्हणाला स्टिअरिंगची मोटर गेली, तीसेक हजार धरून चाला. नशिबाने आमच्या गल्लीत एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, त्यांनी बॅटरीला मीटर लावला आणि मला म्हणाले, "मार सेल्फ." आकडा 12.3 व्होल्टवरून धाडकन 8.8 वर. काका म्हणाले, "मोटर कसली जातेय, बॅटरी मेलीये तुझी." नवीन बॅटरी टाकली, कोड उडवले, आजतागायत एकही दिवा परत लागला नाहीये.

तर पहिली चूक हीच, गाडी सुरू होतेय ना मग बॅटरी ठीकच असणार. अहो सेल्फ मारताना स्टार्टर शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो, त्या एक-दोन सेकंदात म्हातारी बॅटरी खाली बसते, आणि त्याच वेळी जागे होणारे सगळे कंट्रोलर (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) बघतात की अरे व्होल्टेजच नाही, मग जो तो आपापला दिवा लावून मोकळा. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग तर सगळ्यात खादाड, त्यामुळे बोंब तेच आधी मारतं. एकमेकांशी काही संबंध नसलेले तीन-चार दिवे एकदम लागले, की सेन्सर बदलायच्या आधी बॅटरी बघा. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी संपत आलीये, नाहीतर नीट चार्ज तरी नाहीये.

दुसरी चूक म्हणजे गाडी फिरवून आणायची आणि लगेच मीटर लावून बघायचं, 12.8 दिसलं की खूश. तो वरवरचा चार्ज असतो, जरा वेळाने उतरतो. रात्रभर गाडी बंद ठेवा आणि सकाळी दार न उघडता मोजा (बॉनेट रात्रीच खोलून ठेवा), तेवढी घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. 12.6 च्या आसपास म्हणजे फुल, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 ला अर्धी, आणि 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बारा व्होल्टची बॅटरी म्हणून 12 आलं की बरोबर, असं समजणारे मी खूप बघितलेत. आणि रात्रभर चार्जरवर लावूनसुद्धा आकडा साडेदहाच्या आसपासच अडकला असेल तर सहातला एक सेल गेलाय, त्यात डिस्टिल्ड वॉटर ओतून काही होत नाही.

आवाजाकडे पण लक्ष द्या. टकटकटकटक असा भराभर आवाज येतो आणि आतले दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरलीये किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जाड टक् आणि दिवे मस्त प्रखर, तर स्टार्टरकडे बघा.

टर्मिनलचं सांगायचं तर हाताने हलवून बघा, हललं म्हणजे तिथेच गडबड. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, पुसा, कोरडं करा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी. इंजिनकडून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी कोणीच बघत नाही, ती गंजली असेल तर नवी बॅटरी पण मेल्यासारखीच वागते.

आता महागातली चूक. बॅटरी बदलली, दोन महिन्यांत परत उतरली, मग दुकानदाराशी भांडण. कधी दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवं (नव्या स्मार्ट चार्जिंगवाल्या गाड्यांत हा आकडा खालीवर होतो, घाबरू नका). नाहीतर बंद गाडीत काहीतरी करंट पीत बसलेलं असतं. 50 मिलिअँपिअरपर्यंत ठीक, पण तेवढ्यानेसुद्धा दिवसाला 1.2 अँपिअर-अवर जातात, म्हणजे लहान पेट्रोल गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी दोन आठवड्यांत अर्धी. वरून पार्किंग मोडवाला डॅशकॅम लावून घेतलाय आणि तो 250 मिलिअँपिअर ओढतोय, तर तीन दिवसांत तेच काम. हे मोजायला मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्हच्या वायरीत मधे घालायचा, गाडी लॉक करायची आणि अर्धा तास थांबायचं, कारण कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. तेवढ्यात सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मी उडवलाय.

आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, बंद पडली तर डायनॅमो खराब, ही जुनी युक्ती कोणी सांगितली तर त्याला गाडीपासून लांब ठेवा. अँबेसेडरच्या काळात खपून जायचं, आताच्या गाडीत वायर काढल्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकतो, ज्याच्यापुढे बॅटरीची किंमत म्हणजे चिल्लर.

बॅटरी खरं तर एप्रिल-मेच्या उन्हातच खंगते, पण वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू करून ट्रॅफिकमध्ये अडकलो की जुलैत कळतं. मीटर घ्यायचा नसेल तर जूनच्या आधी बॅटरीच्या दुकानात जाऊन लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तपासणी) करून घ्या, बरेच जण फुकट करून देतात. फक्त बॅटरी आधी फुल चार्ज झालेली असू द्या, नाहीतर चांगल्या बॅटरीलाही तो "गेली साहेब" म्हणेल.