ऑइल बदलताना इंजिन किती गरम हवं?

पाना, नवं वायसर, पसरट ट्रे, चिंध्या आणि डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए2 (ऑइलमध्ये बुडालेला क्लच असलेल्या बाइकसाठीचा दर्जा) छापलेलं ऑइल हाताशी आहे, असं धरून चालतो. गाडी रोजच्या वापरातली, हवेवर थंड होणारी: स्प्लेंडर, शाइन किंवा तशीच एखादी.

ऑइल गरम हवं, पण चटका देणारं नको. इंजिनाचा तळ 45 ते 60 अंशांच्या मध्ये असताना ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट, काढायचा. बाकीचं काम कोणीही करेल, घोळ होतो तो इथेच. मलाही सुरुवातीला हेच जमत नसे.

‘रात्रभर उभी ठेव, सकाळी थंड असताना काढ, सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं.’ हा सल्ला अर्धाच खरा. ऑइल उतरतं, पण क्लच प्लेटांचा भुगा आणि काजळीही तळाला जाऊन बसते आणि बरीचशी तिथेच राहते. शिवाय थंड ऑइल दाट असतं. 40 अंशांना 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल जेवढं दाट, त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकंच 100 अंशांना उरतं. डिसेंबरात नाशकात सकाळी बोल्ट काढून बघा, शेवटची तार तुटता तुटत नाही.

दुसरे शहाणे सांगतात, वीस-तीस किलोमीटर पळवून आण, कडक असतानाच सगळं निघतं. निघतं की, मनगटावरूनही! शेवटचा आटा सुटला की धार सरळ ट्रेत पडत नाही, बोल्टला धरून तिरकी येते आणि तुमची बोटं नेमकी तिथेच असतात. साइलेन्सरचा बाक तर ऑइलपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. म्हणून हात नेहमी साइलेन्सर नसलेल्या बाजूने घाला.

नुसतं स्टँडवर चालू ठेवून भागत नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, तापतं, तळ मागे राहतो. दोनेक किलोमीटर आरामात फिरवून आणा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. मग ड्रेन बोल्टजवळच्या केसिंगला आधी बोटाची पाठ लावून बघा, सोसलं तरच तळवा. तीन-चार सेकंद टेकवता आला आणि मग काढावासा वाटला, तर हीच वेळ. लगेच मागे घ्यावा लागला तर अजून थांबा; 60 अंशांच्या धातूवर पाचेक सेकंदांत कातडी भाजते, उगाच मर्दुमकी नको. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन असेल तर एक लक्षात ठेवा: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खराखुरा आकडा दाखवत नाही, कमी दाखवते. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा.

नागपुरात मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी आधीच तापलेली असते. तिथे गाळ ढवळण्यापुरती दोन मिनिटं चालवली तरी पुरे.

ऑइल भरायचं वरचं झाकण उघडा, बोल्ट काढा, पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. रॉकेल ओतून धुवायचं खूळ नको, आणि ऑइल काढल्यावर इंजिन चालू करणं तर मुळीच नको.

तेवढ्या वेळात केसिंगही निवते, आणि बोल्ट आवळायचा तो तेव्हाच. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे तापलेल्या इंजिनावर हाताला अंदाज नीट येत नाही. पहिले आटे बोटांनीच फिरवा. पाना शेवटी, आखूड दांड्याचा, आणि लोंबकळायचं नाही. या बोल्टचे आटे गेले तर खर्च ऑइलच्या कैक पट.

पुस्तिकेत दिलंय तेवढंच ऑइल भरा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून तितकंच थांबा आणि गाडी सरळ उभी असताना डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी कांडी) बघा. जुनं ऑइल गटारात नाही, डब्यात भरून गॅरेजवर द्या. रात्री बोल्टखाली कागद ठेवा. सकाळी डाग दिसला तर बोल्ट आणखी आवळत बसू नका, वायसर बघा.