सर्पिल दीर्घिका : मॉडेल करताना आणि बघताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दीर्घिकेच्या (गॅलेक्सीच्या) भुजा म्हणजे ताऱ्यांच्या पक्क्या माळा असं धरून चालणं. तसं असतं तर आतल्या ताऱ्यांची फेरी लवकर होते नि बाहेरच्यांना जास्त वेळ लागतो, त्यामुळे थोड्याच फेऱ्यांत भुजा गुंडाळून नुसता गुंता झाला असता. 1964 मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी मांडलं की भुजा ही घनतेची लाट आहे. खंबाटकी घाटात लोडेड ट्रक हळू चढत असतो, मागे गाड्या तुंबतात, पुढच्या ओव्हरटेक करून सुटतात नि मागून नव्या येऊन अडकतात, म्हणजे गाड्या बदलतात पण गर्दी तशीच, अगदी तसं. भुजेत शिरलेला गॅस दाबला जातो, नवे तारे जन्मतात, त्यातले मोठे निळे तारे लवकर संपतात म्हणून निळी चमक भुजेतच दिसते. दोन भुजांच्या मधे पोकळी नसते हं, तिथेही भरपूर तारे असतात, फक्त मंद. आणि सगळ्याच दीर्घिकांना ही थिअरी लागू होत नाही, काहींच्या भुजा तुटक असतात, बनतात नि विरतात.

एक्झिबिशनसाठी थर्माकोलची जाडजूड चकती कापू नका. आपल्या आकाशगंगेची तबकडी साधारण 1 लाख प्रकाशवर्षं रुंद आणि जाडी जेमतेम 1,000, म्हणजे मीटरभर मॉडेलला एक सेंटिमीटर पुरे. मधे फुगवटा, त्यात ताऱ्यांचाच आडवा दांडा, बाहेर जुन्या ताऱ्यांचे गोल गुच्छ असलेलं प्रभामंडल, हे मात्र बहुतेक जण विसरतातच. सूर्य केंद्रात चिकटवू नका, तो 26,000 प्रकाशवर्षं लांब आहे.

आकाशगंगेचा 'वरून काढलेला फोटो' फॉरवर्ड करू नका, आपण आतच आहोत त्यामुळे ते चित्र असतं.

आता बघण्याचं. नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळच्या वेल्ह्याकडे जाऊन देवयानी दीर्घिका बायनॉक्युलरमधून बघितली की लांबट धुरकट डाग दिसतो आणि लोक म्हणतात फोकस बिघडला. फोकस ठीक असतो, ती आपल्याकडे जवळजवळ कडेने झुकलेली आहे नि प्रकाशही मंद. डाग थोडा बाजूला धरून नजरेच्या कडेने बघा, जास्त पसरलेला दिसेल. भुजाच बघायच्या असतील तर एप्रिलमध्ये सप्तर्षीतल्या मरीची ताऱ्याजवळची एम 51 ही दीर्घिका शोधा, तिची सर्पिल रचना 1845 मध्ये लॉर्ड रॉस यांना पहिल्यांदा दिसली, पण त्यासाठी मोठा टेलिस्कोप आणि पुण्याच्या उजेडापासून लांबचं आकाश हवं.