गटाने यंत्र बनवताना: डिझाइन प्रकल्पाचा विषय कसा पार पाडावा

अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या एका गटाने मिळून प्रत्यक्ष चालणारी वस्तू करून दाखवायची, असा एखादा विषय आता बहुतेक ठिकाणी असतो. या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी १९७० च्या दशकात नावारूपाला आणलेला डिझाइनचा विषय. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला सारखेच साहित्य मिळे आणि त्यातून घडवलेले यंत्र स्पर्धेत उतरवावे लागे. आपल्याकडे असे साहित्य हाती मिळत नाही. विषय ठरवण्यापासून बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग) विकत आणण्यापर्यंत सारे गटालाच करावे लागते. आमच्या गटाने पायडलवर चालणारे मका सोलणी यंत्र केले आणि त्या कामातून माझे एक मत पक्के झाले: गटाचे यंत्र सुट्या भागांत क्वचितच अडते, ते अडते दोघांची कामे जिथे एकमेकांना भेटतात त्या जागी. पुढच्या सूचना या जागांवरच अधिक भर देतात.

सुरुवात गरज आकड्यांत लिहून काढण्यापासून करावी. ‘शेतकऱ्याला उपयोगी यंत्र’ एवढे पुरत नाही. यंत्र कोण चालवणार, किती वेळ, कणसे किती वाळलेली असतील, घराच्या दारातून ते आत जाईल का, हे वापरणाऱ्या माणसाशी बोलूनच कळते. त्यानंतर शक्तीचा हिशेब मांडावा. निरोगी माणूस बराच वेळ पायडल मारून साधारण ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. मिनिटाला ६० फेरे धरले तर पायडलच्या आसावर सुमारे १२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. पुढे ४४ दात्यांचे चाक आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील (सायकलच्या मागच्या चाकावरचे, एकाच दिशेने जोर देणारे दातेरी चाक) लावले, तर शाफ्ट, म्हणजे ड्रमचा फिरता दांडा, मिनिटाला साधारण १४७ फेरे घेतो, पण टॉर्क ५ न्यूटन-मीटरच्याही खाली येतो, आणि घर्षणात जाणारा भाग त्यातून आणखी वजा होतो. एका वेळी किती कणसे आत घालता येतील, हे या आकड्यावर ठरते. म्हणून दाणे सोलणाऱ्या फिरत्या ड्रमचे चित्र काढण्याआधी हा हिशेब गटातील प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

पर्याय निवडताना स्टुअर्ट प्यू यांच्या नावाने ओळखला जाणारा तुलनेचा तक्ता वापरावा. त्यात एक पर्याय आधाराला धरून बाकीचे त्याच्यापेक्षा सरस की कमी, एवढेच नोंदवायचे असते. यावर एका बैठकीपेक्षा जास्त वेळ घालवू नये.

खरा वेळ द्यावा तो जोडांच्या कागदाला. एका पानावर प्रत्येक जोड, त्याची मापे आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्या एकाच व्यक्तीचे नाव लिहावे. उदाहरणार्थ, २० मिमी शाफ्टसाठी यूसीपी २०४ हे पेडेस्टल बेअरिंग (बोल्टने चौकटीवर बसवायच्या पायासह येणारे) घेतले, तर त्याच्या तळापासून शाफ्टच्या केंद्रापर्यंतची उंची ३३.३ मिमी असते. चौकट करणाऱ्याला हा आकडा माहीत नसेल तर ड्रम आणि जाळी यांमधले अंतर चुकणार. शाफ्टच्या ड्रॉइंगवर नुसते ‘२०’ लिहून लेथवर (धातू फिरवत कापण्याच्या यंत्रावर) पाठवू नये. हे बेअरिंग शाफ्टवर सरकवून बारीक स्क्रूंनी आवळायचे असते, त्यामुळे शाफ्ट २० मिमी किंवा त्याहून दोन शतांश मिमीपर्यंत कमी हवा. वर गेलेला चालत नाही. टर्नरकडे जाताना बेअरिंग सोबत न्यावे आणि तिथेच घालून पाहावे.

याहून अवघड जोड फ्रीव्हीलचा असतो. त्याच्या आत सायकलच्या हबसाठीचे (चाकाच्या मधल्या भागासाठीचे) आटे असल्याने ते साध्या शाफ्टवर बसत नाही. मध्ये आटे पाडलेला वेगळा तुकडा लागतो. हा तुकडा शाफ्टवाल्याच्याही यादीत नसतो आणि साखळीवाल्याच्याही नसतो, म्हणून त्याचे नाव कागदावर सर्वांत आधी यावे. शिवाय फ्रीव्हील एकाच दिशेने जोर देते, त्यामुळे ते यंत्राच्या कोणत्या बाजूला बसणार आणि ड्रम कुठल्या दिशेने फिरणार, हे दोघांनी एकत्र बसून ठरवावे.

चौकटीचे वेल्डिंग करताना आधी सगळीकडे फक्त टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारावेत, समोरासमोरचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत याची खात्री करावी आणि मग बाजू आलटून पालटून पूर्ण वेल्ड करावे. एकाच बाजूने सलग वेल्ड केल्यास उष्णतेने पाइप ओढला जातो. पेडेस्टलची भोके चौकट निवल्यावर पाडावीत आणि ती लांबट ठेवावीत, म्हणजे साखळीचा ताण जुळवता येतो.

लोखंडाला हात लावण्यापूर्वी प्लायवूडचा ओबडधोबड नमुना करून खऱ्या कणसांवर तपासावा. ओलसर आणि वाळलेली अशी दोन्ही प्रकारची कणसे घ्यावीत, कारण ओलसर कणसातून दाणे सहज सुटत नाहीत आणि चुरडतात. आमचा ड्रम-जाळीमधील फटीचा निर्णय संगणकावरील मॉडेलने नव्हे, तर या चाचणीने केला.

निर्णयांची वही रोजच्या रोज लिहावी: तारीख, काय ठरले, का ठरले आणि काय नाकारले. १८ दात्यांचेच फ्रीव्हील का, असे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, आणि ज्याने तो भाग केला नाही त्यालाही उत्तर देता आले पाहिजे. आठवड्याची बैठक वर्गात न घेता यंत्राशेजारी घ्यावी.

प्रात्यक्षिकाआधी साखळीवर पत्र्याचे आवरण बसवलेले असावे, सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि गटाबाहेरच्या एखाद्याला काहीही न सांगता यंत्र चालवायला द्यावे. तो कणीस उलटे घालतो का, हात कुठे नेतो, पायडल मारताना कुठे थबकतो, हे शांतपणे पाहून लिहून घ्यावे. तेवढी दुरुस्ती करायला वेळ उरेल, अशा बेताने ही चाचणी आधीच्या आठवड्यात ठेवावी.